जॉब, तास आणि कोटेशन: छोट्या डिझाइन ऑफिससाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

भोसरी एमआयडीसीत आमचं सात जणांचं टूल डिझाइनचं ऑफिस आहे. चाकण आणि रांजणगावच्या वाहन कंपन्यांना पार्ट पुरवणारे सप्लायर हे आमचे कस्टमर. त्यांच्यासाठी वेल्डिंग फिक्स्चर, मशिनिंग फिक्स्चर (काम चालू असताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं), चेकिंग गेज (पार्ट मापात आहे का ते तपासायचं साधन) यांची थ्रीडी मॉडेलं आणि ड्रॉइंगं आम्ही करून देतो. आमच्याकडे ना मशिन आहे ना माल. आम्ही विकतो ते तास. कोटेशन तासांवर निघतं आणि जॉब फायद्यात गेला की तोट्यात हेही तासांवरच ठरतं. मागच्या जॉबला कुठे किती तास गेले हे माहीत नसेल, तर पुढचं कोटेशन म्हणजे निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे.

एक्सेलची शीट आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप यांवर आमच्यासारखी बहुतेक ऑफिसं चालतात. चार जॉब असेपर्यंत ते भागतंही. जॉब वाढले की कस्टमरने अप्रूव्हल कोणत्या रिव्हिजनला दिलं हे शोधायला ग्रुपमध्ये मागे मागे जावं लागतं, आणि शीटमधले तास शनिवारी संध्याकाळी आठवून भरले जातात. म्हणून कामाची यादी आणि तासांची नोंद एकाच ठिकाणी ठेवणारं काहीतरी घ्यायचं ठरलं. बरीच सॉफ्टवेअरं आम्ही खऱ्या जॉबवर चालवून बघितली. खालची मतं त्यातून आली आहेत आणि ती आमच्यासारख्या कामाला लागू आहेत. जाहिरात एजन्सीला किंवा सीएच्या ऑफिसला यातलं काही वेगळं वाटू शकेल.

पहिल्यांदा ट्रेलो. 2011 साली फॉग क्रीक या कंपनीने आणलेलं हे सॉफ्टवेअर 2017 पासून अ‍ॅटलासियनकडे आहे. एका बोर्डावर ‘कन्सेप्ट’, ‘अप्रूव्हलला पाठवलं’, ‘डिटेलिंग’ (भागाभागाची ड्रॉइंगं), ‘चेकिंग’, ‘रिलीज’ असे रकाने करायचे आणि प्रत्येक जॉबचं कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं, इतकं ते सोपं आहे. कुणालाही शिकवावं लागत नाही, आणि कोणता जॉब कुठे अडकलाय हे खुर्चीत बसल्या बसल्या दिसतं. फुकट प्लॅनवर एका वर्कस्पेसमध्ये दहा जण बसतात, म्हणजे आमचं ऑफिस त्यात सहज मावतं. पण दोन गोष्टी आम्हाला नडल्या. फुकट प्लॅनमध्ये कार्डाला जोडायची फाइल 10 एमबीच्या आत लागते. बऱ्यापैकी असेंब्लीची स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) त्यापेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे कार्डावर नुसती पीडीएफ राहते. आणि तासांची नोंद ट्रेलोत मुळातच नाही. ती बाहेरून जोडावी लागते.

ती जोडायला क्लॉकिफाय किंवा टॉगल ट्रॅक. टॉगल एस्टोनियातलं, 2006 सालापासूनचं. पाच जणांपर्यंत फुकट चालतं. दोन्हींचं ब्राउझर एक्स्टेंशन घेतलं की ट्रेलोच्या कार्डावरच टायमरचं बटण येतं. दाबलं की घड्याळ सुरू, पुन्हा दाबलं की बंद. संगणक बराच वेळ नुसता पडून असला तर ‘हा वेळ धरायचा का?’ असंही ते विचारतं. टॉगल वापरायला फार गोड आहे, हे मनापासून सांगते. क्लॉकिफायचे रिपोर्ट थोडे रुक्ष, पण एक्सेलमध्ये झटकन निघतात. मात्र भरलेले तास तपासून मंजूर करायचे आणि नंतर कुणी बदलू नयेत म्हणून कुलूप लावायचं, तर पैशांचा प्लॅन घ्यावा लागतो. दोन-तीन जणांचं ऑफिस असेल तर ट्रेलो अधिक क्लॉकिफाय ही जोडी माझ्या मते पुरेशी आहे आणि पुढे वाचायचीही गरज नाही.

जिरा हे सॉफ्टवेअर लवकर बाजूला ठेवलं. दहा जणांपर्यंत ते फुकट आहे, ‘2h 30m’ असं लिहून तास टाकायची सोयही त्यात पहिल्यापासून आहे. पण ते प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी घडलेलं आहे. स्प्रिंट, स्टोरी पॉइंट, बॅकलॉग ही भाषा डिटेलिंग करणाऱ्या मुलांच्या गळी उतरवण्यात अर्थ नव्हता. असाना दिसायला देखणं आणि वापरायला गुळगुळीत आहे, पण त्याची स्वतःची तासांची नोंद वरच्या प्लॅनमध्ये मिळते. बेसकॅम्पची माणसांना एकत्र ठेवायची पद्धत मला आवडते. हवी तितकी माणसं घ्या आणि एकच ठराविक रक्कम भरा असा त्यांचा प्लॅन वर्षाच्या बोलीवर महिन्याला 299 डॉलरचा आहे. तीस जणांच्या ऑफिसला तो स्वस्त पडेल, सात जणांना नाही.

आता ज्या प्रकाराबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळीने लिहायचं आहे, त्याकडे येते. तासांची नोंद म्हटलं की विकायला येणारे लोक हमखास हबस्टाफ, टाइम डॉक्टर अशा जातीचं सॉफ्टवेअर दाखवतात. यात काम चालू असताना ठराविक वेळाने स्क्रीनचे फोटो निघतात, कीबोर्ड-माउस किती हलला याची टक्केवारी मालकाला दिसते. घरून काम करणाऱ्या दूरच्या माणसांसाठी कुणाला ते लागत असेल. डिझाइन ऑफिसात मात्र ते दोन कारणांनी नको.

पहिलं कारण आमचा कस्टमर. ड्रॉइंग हातात येण्याआधी आम्ही एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही करतो. अजून बाजारात न आलेल्या गाडीचा पार्ट आमच्या स्क्रीनवर असतो. त्या स्क्रीनचा फोटो निघून तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर साठणार असेल, तर त्या सहीला काय किंमत राहिली? सेटिंगमध्ये फोटो बंद करता येतात, धूसर करता येतात, हे खरं; पण मग त्या सॉफ्टवेअरचे पैसे मोजायचे कशासाठी? याच कारणाने आम्ही नियम केला की टास्कच्या नावात कस्टमरच्या पार्टचं नाव लिहायचं नाही, फक्त आमचा जॉब नंबर. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

दुसरं कारण आमची माणसं. आमच्याकडे ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर घेऊन काम केलेले एक ज्येष्ठ चेकर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. टायमर दाखवला तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, “मॅडम, हे आमच्यावर नजर ठेवायला आहे का? मी अर्धा तास ड्रॉइंगकडे नुसता बघत बसतो. माउस हलत नाही. तेव्हाच चुका सापडतात.” काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) साखळी डोक्यात जुळवणाऱ्या माणसाचा माउस हलत नसतो, आणि ट्रायलच्या वेळी पार्ट फिक्स्चरमध्ये नीट बसतो तो त्या अर्ध्या तासामुळे. मी त्यांना म्हटलं, “काका, हजेरीचं मशिन दारात आहे, पगार त्यावर निघतो. इथले तास फक्त पुढच्या कोटेशनसाठी.” ते मी लिहूनही दिलं. तास भरणाऱ्याचा विश्वास नसेल तर तो तुम्हाला हवे ते आकडे भरून देतो, आणि तसे आकडे कोटेशनला विषासारखे असतात.

शेवटी घेतलं ते झोहो प्रोजेक्ट्स. झोहो ही चेन्नईची कंपनी, 1996 साली अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेली. प्रोजेक्ट्स हे त्यांचं 2006 चं उत्पादन. फुकट प्लॅन अगदी मोजक्या माणसांसाठी आहे, आम्ही पैशांचा घेतला. यात प्रत्येक टास्कला स्वतःचा टायमर आहे, टायमर नको असेल तर हाताने तास टाकता येतात, ते बिलात धरायचे की नाही हे तिथेच ठरवता येतं आणि मी तपासून मंजूर करू शकते. ‘वेल्डिंग फिक्स्चर’चा एक साचा करून ठेवला की नवा जॉब आला की सगळी टास्क आपोआप उभी राहतात. अमुक झाल्याशिवाय तमुक सुरू होत नाही अशी टास्कची साखळी बांधता येते, आणि अप्रूव्हल चार दिवस लांबलं तर रिलीजची तारीख कुठे जाते हे गँट चार्टवर (टास्क तारखांवर पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर) कस्टमरला दाखवता येतं. कस्टमरलाही आत घेता येतं, आणि त्याला काय दिसावं ते आपल्या हातात राहतं.

एक गोष्ट बाहेरच्यांना क्षुल्लक वाटेल, पण भोसरीकरांना कळेल. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, कारण इथल्या औद्योगिक पट्ट्यात वीज त्या दिवशी बंद ठेवायची जुनी रीत आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरांचं जग मात्र शनिवार-रविवारच्या सुट्टीवर उभं असतं. झोहोत कामाचे वार आणि सुट्ट्या आपल्या आपण ठरवता येतात, त्यामुळे तारखा बरोबर पडतात. रविवारी काम आणि गुरुवारी सुट्टी हे सेट करून बघा. ते जमत नसेल, तर बाकीची वैशिष्ट्यं कितीही चांगली असली तरी तुमच्या तारखा दर आठवड्याला खोट्या निघतील.

पैशांचं थोडं तपशिलात सांगते, कारण किमतीच्या पानावर हे नसतं. देशी कंपनीचं बिल रुपयांत येतं, 18 टक्के जीएसटी लागतो आणि नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. परदेशी कंपनीला तुमचा जीएसटी नंबर दिलात तर ती कर लावत नाही. तो रिव्हर्स चार्जने तुम्हालाच आधी रोखीने भरून मग क्रेडिट घ्यावं लागतं. रक्कम लहान असली तरी दर महिन्याच्या रिटर्नमध्ये ती धरायला अकाउंटंटला सांगून ठेवा. शिवाय 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पेमेंटला आधी मँडेट, म्हणजे परवानगी, नोंदवावा लागतो आणि आता 15,000 रुपयांच्या वरच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी साइटवर नेमकं इथेच पेमेंट अडकतं आणि ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात खातं बंद पडण्याची भीती राहते. डेटा कुठे आहे हे विचारणारे कस्टमरही आता भेटतात. झोहोची डेटा सेंटरं मुंबई आणि चेन्नईला आहेत, हे त्यांच्या फॉर्मवर लिहून देता येतं.

उणं काय? आत शिरल्यावर मेन्यूंची गर्दी आहे. इश्यू, फोरम, डॅशबोर्ड, कितीतरी टॅब. नवा मुलगा बावरतो. आम्ही प्रत्येकाच्या प्रोफाइलमधून नको ते बंद करून टाकलं आणि फक्त टास्क आणि टाइमशीट ठेवली. ट्रेलोसारखं एका नजरेत कळण्याचं सुख यात नाही, बोर्डाचा व्ह्यू आहे तरीही. आणि मूळ आराखडा व प्रत्यक्ष यांची तुलना, क्रिटिकल पाथ (जिथे उशीर झाला की अख्ख्या जॉबची तारीख सरकते ती टास्कची साखळी) या गोष्टी वरच्या प्लॅनमध्ये आहेत. आमचं त्यांच्यावाचून अडत नाही.

तास भरायची पद्धत मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही, ती आपली आपणच बसवायची. टायमर आम्ही ऐच्छिक ठेवला. जेवायला उठताना तो बंद करायचं सगळ्यांनाच लक्षात राहत नाही, आणि मध्येच कस्टमरचा फोन आला की कोणत्या जॉबवर घड्याळ चाललंय याचा पत्ता नसतो. आता निघण्याआधी प्रत्येकजण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशोबाने दिवस भरतो. त्याहून बारीक मोजमाप आमच्या कोटेशनला लागत नाही. प्रत्येक जॉबला ‘फोन आणि मीटिंग’ असं वेगळं टास्क आहे, नाहीतर ते तास डिटेलिंगमध्ये मिसळून जातात.

या सगळ्यातून सगळ्यात मोलाचं जे हाती लागलं ते एका साध्या वेगळ्या टास्कमुळे: ‘अप्रूव्हलनंतरचे बदल’. समजा 60 तासांचं कोटेशन दिलं आणि 85 तास लागले. पूर्वी वाटायचं, मुलांचा वेग कमी आहे. आता दिसतं की कन्सेप्ट आणि डिटेलिंग ठरल्या तासांतच झालेलं असतं. वरचे तास गेलेले असतात ते कस्टमरने पार्टचं ड्रॉइंग बदलल्यामुळे, क्लॅम्प हलवल्यामुळे, लोकेटरची (पार्टची जागा पक्की करणाऱ्या भागाची) जागा फिरवल्यामुळे. ही टाइमशीट तारखांसकट समोर ठेवली की बोलणं शांतपणे होतं. आमच्या कोटेशनमध्ये आता स्वतंत्र ओळ असते: अप्रूव्हलनंतरचे बदल तासाच्या दराने वेगळे. कस्टमर ती मान्य करतात, कारण हिशोब त्यांनाही दिसतो.

घेण्याआधी एवढं करा. एक चालू जॉब, तोही कटकटीचा, पूर्णपणे त्यात चालवून बघा. विक्रेत्याच्या डेमोतला नको. तुमच्याकडचा संगणकाशी सगळ्यात कमी सलगी असलेला माणूस तास स्वतः भरू शकतो का ते बघा. मग डेटा बाहेर काढून बघा. ट्रेलोच्या फुकट प्लॅनमध्ये बोर्ड जेसन फाइलमध्ये निघतो, एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सीएसव्हीसाठी प्रीमियम लागतो. असे फरक प्रत्येक ठिकाणी आहेत आणि ते आधी कळलेले बरे. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सूट मिळते, पण पहिले काही महिने महिन्याच्या बोलीवरच राहा. एखादा जॉब कोटेशनपासून ट्रायलपर्यंत पूर्ण त्यात गेला आणि त्याचा तासांचा रिपोर्ट तुमच्या पुढच्या कोटेशनला कामाला आला, की मग वर्षाचं घ्या.