पन्हळ आणि टप: १९९५च्या माझदा मिआटासोबत एकोणीस महिने

गेल्या महिन्यात लँबर्टव्हिलच्या सिग्नलला क्लचचे पेडल दाबले ते पुन्हा वर आलेच नाही. गाडी गिअरमध्ये अडकून बंद पडली आणि एका भल्या गृहस्थांच्या मदतीने ती ढकलत रस्त्याच्या कडेला आणावी लागली. जवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये ती उचलून नेली, तेथे गाडीखाली न जाता, बॉनेटही न उघडता, क्लचचा संपूर्ण संच बदलावा लागेल आणि १,४५० डॉलर लागतील असे सांगण्यात आले. ही गाडी मी ५,८०० डॉलरना घेतली आहे. तिच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतका खर्च केवळ अंदाजावर करणे मला पटले नाही, म्हणून टोइंगचे पैसे दुसऱ्यांदा मोजून मी ती न्यू जर्सीतच असलेल्या माझ्या घरी आणली. त्या संध्याकाळी जे आढळले त्यामुळेच हा अनुभव सविस्तर लिहावा असे वाटले.

पहिल्या पिढीची मिआटा, म्हणजे माझदाची टप (कापडासारखे छत) खाली पाडता येणारी छोटी दोन आसनी गाडी, बहुतेकांना माहीत असणार, त्यामुळे तपशील थोडक्यात देतो. माझी गाडी १८३९ सीसी इंजिनाची, १२८ अश्वशक्तीची आणि पाच गिअरची आहे. घेतली तेव्हा १,१२,००० मैल झाले होते. रंग मूळचा, टप काळ्या व्हिनाइलचा, मागची खिडकी प्लॅस्टिकची.

क्लचचा दोष स्लेव्ह सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलकडून येणाऱ्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या भागात होता. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला बसवलेला हा छोटा भाग या गाडीत हमखास जातो. त्याचे रबरी टोपण बोटाने मागे सारले की आत ओल दिसते, आणि ओल दिसली की निदान पक्के झाले. तो १२ नंबरच्या दोन बोल्टांवर बसलेला असतो. नवा स्लेव्ह बसवला की पूर्वीपेक्षा वाढलेल्या दाबाने जुना मास्टर सिलिंडर (पेडलकडचा, हा दाब निर्माण करणारा भाग) काही दिवसांत गळू लागतो, असा अनेकांचा अनुभव असल्याने मी दोन्ही एकदमच बदलले. दोन्ही मिळून ८८ डॉलर, ब्रेक फ्लुइडचे ९ डॉलर, आणि हवा काढताना पेडल दाबून धरायला पत्नीची वीस मिनिटे, एवढाच काय तो खर्च आला. क्लच प्लेट शाबूत आहे. गाडी त्याच रविवारी रस्त्यावर होती.

तरीही या गाडीबद्दल मला जे मनापासून सांगायचे आहे ते क्लचबद्दल नाही, पाण्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर मी दार उघडले तेव्हा ड्रायव्हरच्या सीटमागचे कार्पेट पिळून काढता येईल इतके भिजलेले होते. टप जुना, शिवणी विरलेल्या, त्यामुळे दोष टपाचाच असणार असे मी गृहीत धरले. नवा टप बसवून घेण्यासाठी ११०० डॉलरचा अंदाज मिळाला. तो देण्यापूर्वी, निव्वळ पैसे वाचावेत म्हणून, मी कोरड्या कार्पेटवर टाल्कम पावडर भुरभुरवली, पत्नीला बाहेरून पाइपने पाणी मारायला सांगितले आणि आत टॉर्च घेऊन बसलो. टपातून एक थेंबही आला नाही. पाणी सीट बेल्टच्या खांबाच्या मागून, खालून वर चढल्यासारखे येत होते.

या गाडीच्या टपावरून मागे उतरणारे पाणी टपाच्या मागच्या कडेला आतून बसवलेल्या एका प्लॅस्टिकच्या पट्टीत जमा होते. ती पट्टी म्हणजे शब्दशः पन्हळ आहे. तिची दोन टोके दोन्ही बाजूंच्या सीट बेल्टच्या खांबांमागील एकेका छिद्रात उतरतात, आणि तेथून नळीवाटे पाणी मागच्या चाकाच्या थोडे पुढे, गाडीच्या पोटाखाली बाहेर पडते. ही छिद्रे पाने, धूळ आणि पाइनच्या सुयांनी बुजली की पाणी तुंबते, तुंबले की आत येते, आणि त्याहून वाईट म्हणजे दरवाज्याखालच्या पत्र्याच्या पोकळ पेटीत, ज्याला सिल म्हणतात, तेथे शिरून आतून गंज धरते. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आत पत्र्याची चाळण झालेली असते. माझी गाडी घरासमोरच्या मेपलखाली उभी असते. त्या झाडाच्या पंखासारख्या बियांचा ओला लगदा मी डाव्या छिद्रातून काढला तेव्हा तो मूठभर भरला.

माझे बालपण राजापूर तालुक्यात कौलारू घरात गेले. मृग लागण्यापूर्वी घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची आणि पन्हळीतला पालापाचोळा हाताने काढायचा, हे काम बाबा कोणावरही सोपवत नसत, कारण तुंबलेल्या पन्हळीचे पाणी भिंतीत मुरते आणि भिंत मुरली की वासा कुजतो. या गाडीचेही नेमके तसेच आहे, आणि हे जुळून येणे मला इतके लख्ख दिसले की त्या दिवसापासून गाडीच्या देखभालीची माझी सारी वही या दोन छिद्रांभोवती फिरते.

साफ करण्याची रीत सांगून ठेवतो, कारण येथे चूक महागात पडते. कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जोराने मारलेल्या हवेने आतली नळी तिच्या जागेवरून निसटते आणि मग पाणी सरळ सिलमध्येच उतरते. गवत कापण्याच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची जाड दोरी टोक बोथट करून हलक्या हाताने वरून सोडावी, मध्येच अडली तर रेटू नये, मागे घेऊन फिरवावी. नंतर अर्धा लिटर पाण्याची बाटली सावकाश ओतावी आणि दुसऱ्याला गाडीखाली पाहायला सांगावे. धार ताबडतोब आणि अखंड आली पाहिजे. मी हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो, मेपलच्या बिया पडण्याच्या दिवसांत दर आठवड्याला करतो, आणि तारीख लिहून ठेवतो. इतक्या छोट्या गोष्टीला इतके महत्त्व कशाला, असे पत्नी विचारते. मला तरी या गाडीत याहून मोठी गोष्ट आढळलेली नाही.

बाकीची कामे मी वर्षभरात उरकली आणि त्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधला पत्रा), ठिणगीची वेळ ठरवायला मदत करणारा कॅम अँगल सेन्सर असतो. त्याची ओ रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबरी कडे, कडक झाली की तेल झिरपून गिअरबॉक्सच्या तोंडावर उतरते आणि पाहणाऱ्याला क्रँकचे मागचे ऑइल सील गेले असे वाटते. ते सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ओ रिंग मात्र दोन-तीन डॉलरला मिळते. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या मूळ स्थितीची खूण करून ठेवावी, नाहीतर इग्निशनचे टायमिंग बिघडते. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो. मागचा केव्हा बदलला याची पावती नसल्याने मी तो वॉटर पंपासह एका शनिवार-रविवारी बदलला. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, हे घरी काम शिकणाऱ्याला मोठे अभय आहे. बॅटरी डिकीत असते, म्हणून वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडता येतील अशी सीलबंद बॅटरीच घ्यावी, साधी घातल्यास आम्लाने डिकीचा पत्रा खराब होतो. ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली इतक्या अडचणीच्या जागी आहे की उजवे पुढचे चाक काढून खालून हात घालणे मला सोपे वाटते. सकाळी सुरू करताना हायड्रॉलिक लिफ्टर (व्हॉल्व्हवरचे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग) टकटक करतात, ती टकटक इंजिन तापले की थांबते.

येथपर्यंतचा मजकूर दोन आठवड्यांपूर्वी लिहून झाला होता. छिद्रे साफ ठेवली की पाण्याचा प्रश्न कायमचा सुटतो, असे वाक्य मी त्यात लिहिले होते. ते वाक्य आता काढून टाकले आहे.

गेल्या शनिवारी रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी उजव्या सीटमागचे कार्पेट भिजलेले आढळले. दोन्ही छिद्रे सहाच दिवसांपूर्वी साफ केली होती. बाटली ओतून पाहिली तर धार अखंड येत होती. मी अतिशय खचलो, कारण एवढी निगा राखूनही पाणी येत असेल तर पत्रा आतून फुटला असला पाहिजे असा निष्कर्ष निघत होता. गाडी घेताना याच बाजूच्या सिलवर, मागच्या चाकाच्या पुढे, रंगाला बारीक फोड आलेला होता आणि मी त्याकडे काणाडोळा केला होता. रात्री बाबांशी व्हिडिओवर बोलताना त्यांना सगळे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, पन्हळीचं टोक नळात उतरलंय का? की नळ मोकळा आणि पन्हळ बाजूलाच ओतत्येय?"

"बाबा, ते मी पाहिलंच नाही," मी म्हणालो.

"मग आधी ते बघ. पत्रा नंतर फोड."

सकाळी सीटमागचे अस्तर बाजूला करून पाहिले तेव्हा पन्हळीचे उजवे टोक छिद्राच्या कडेवर चढून बसले होते. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा टप खाली केला तेव्हा ते निसटले असावे. मी दर वेळी बाटली थेट छिद्रात ओतत होतो, त्यामुळे परीक्षा नळीची होत होती, पन्हळीची होत नव्हती. टोक बोटाने दाबून जागेवर बसवायला एक मिनिट लागले. आता मी पाणी टपाच्या मागच्या कडेवरून ओततो, म्हणजे ते पावसाच्या वाटेनेच खाली जाते. नंतर दोनदा पाऊस झाला आणि कार्पेट कोरडे आहे. सिलवरचा फोड मात्र फोडच आहे. तो खरवडून, गंजरोधक मेण आत फवारून ठेवले आहे, पण पुढच्या वर्षी तेथे पत्रा कापून नवा जोडावा लागेल, हे मला मान्य करावे लागते. ही गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांनी इंजिन ऐकण्यापूर्वी गुडघ्यावर बसून ती जागा हाताने चाचपावी, आणि विकणाऱ्याच्या परवानगीने दोन्ही बाजूंना टपाच्या कडेवरून बाटलीभर पाणी ओतून पाहावे.

आता चालवण्याबद्दल. लँबर्टव्हिलहून स्टॉक्टनमार्गे फ्रेंचटाउनला जाणारा रूट २९ डेलावेअर नदीच्या काठाने जातो. टप खाली करून, मागची प्लॅस्टिकची खिडकी आधी चेन उघडून सपाट पाडून (हे विसरल्यास ती मुडपते आणि थंडीत तर तडकतेच), या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० मैलांनी जाताना जे मिळते ते मला दुसऱ्या कोणत्याही वाहनात मिळालेले नाही. गाडीचे वजन टनाच्या आसपास आहे. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारे डिफरन्शिअल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, तिच्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी उसळी न घेता सरळ ओढ घेते. गिअरचा दांडा इतका आखूड आणि नेमका हलतो की मनगट पुरते. वेग कमी असूनही वळणाचा प्रत्येक अंश हातात कळतो, आणि नदीवरचा गारवा, ओल्या पानांचा वास, पुलाखालून परतणारा इंजिनाचा आवाज हे सगळे मध्ये काच न येता पोहोचते. माझदाने २०१७च्या अखेरीस जपानमध्ये या पिढीच्या गाड्यांची अधिकृत पुनर्बांधणी सुरू केली आणि मूळच्यासारखा व्हिनाइलचा टपही पुन्हा बनवून घेतला, हे वाचले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ज्यांनी ही गाडी घडवली त्यांनाही ती टिकावी असे वाटते.

एकोणीस महिन्यांत किंमत सोडून एकूण १,३१० डॉलर खर्च झाले. त्यात टायर, टायमिंग बेल्टचा संच, बॅटरी, क्लचचे दोन सिलिंडर, टोइंगच्या दोन फेऱ्या आणि नायलॉनची दोरी आली. नवा टप मी घेतला नाही आणि जुन्याच्या शिवणी घरीच मेणदोऱ्याने पक्क्या केल्या.

बाबा जूनमध्ये येणार आहेत. पाणी त्यांनी टपाच्या कडेवरून ओतायचे आणि ते कुठून बाहेर येते हे मी खाली वाकून पाहायचे, असे आमचे ठरले आहे.