ब्रेकिंग बॅड, सोप्रानोज की वायर: आधी काय बघावं?

सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकरानंतर भुट्ट्याचा कीस खाताना इंदूरच्या मराठी मंडळींत दोन विषय हमखास निघतात. पुण्याला गेलेली मुलं परत येणार का, आणि सगळ्यात भारी क्राइम सिरीज कुठली. पहिल्यावर बोलण्यात अर्थ नाही. दुसऱ्यावर माझं मत पक्कं आहे: सगळ्यात श्रेष्ठ ‘द वायर’, पण सुरुवात तिच्यापासून करू नका.

सुरुवात करायची ती ‘ब्रेकिंग बॅड’नं. 2008 ते 2013, पाच सीझन, 62 भाग. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीतला वॉल्टर, एक सरळमार्गी केमिस्ट्रीचा मास्तर, फुप्फुसाचा कॅन्सर निघतो, घरासाठी पैसा ठेवायचा म्हणून जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ हा अंमली पदार्थ बनवायला लागतो. आणि साडू कोण, तर अंमली पदार्थविरोधी खात्यातला अधिकारी! आपल्याकडे साडवांमधली चढाओढ काय असते ते सांगायला नको, त्यामुळे त्यांच्या घरातल्या पार्ट्यांचे प्रसंग आपल्याला जरा जास्तच कळतात.

सुरुवातीच्याच भागांत वॉल्टरनं एका माणसाला तळघरात खांबाला बांधून ठेवलेलं असतं. त्याला मारावं की सोडावं, याची तो कागदावर दोन रकाने करून यादी करतो, अगदी मास्तरी पद्धतीनं. त्याला सँडविच नेऊन देतो, गप्पा मारतो, आणि सोडायचं ठरवून किल्ली आणायला वर येतो. मधे खाली एक बशी फुटलेली असते. कचऱ्यातले तिचे तुकडे काढून तो जुळवायला बसतो, तर एक लांब टोकदार तुकडा कमी. पुढचं सांगत नाही. ही सिरीज अशी चालते: प्रत्येक गोष्टीला कारण, प्रत्येक कारणाचा परिणाम. झोप उडते, म्हणून रविवारच्या आदल्या रात्री बघा.

‘द सोप्रानोज’ (1999 ते 2007, 86 भाग) ही वेगळ्या प्रकृतीची. न्यू जर्सीचा माफिया टोनी, घाबरल्यासारखं होऊन चक्कर येते म्हणून मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जातो. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात तो मुलीला कॉलेजं दाखवायला घेऊन गेलाय, तिथे पोलिसांना फितूर झालेला जुना माणूस दिसतो. ॲडमिशनची चौकशी आणि खून, दोन्ही त्याच दौऱ्यात. टोनी आवडतो आणि आवडल्याची लाज वाटते, ही सगळी टोनी रंगवणाऱ्या जेम्स गँडोल्फिनीची करामत. मात्र मधल्या सीझनांत कथा रेंगाळते, आणि शेवट असा की लोक अजून भांडताहेत. सासू-सासऱ्यांसमोर लावायची नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

आता वायर. 2002 ते 2008, पाच सीझन, 60 भाग, बाल्टिमोर. लिहिणारा डेव्हिड सायमन तिथल्याच वर्तमानपत्राचा वार्ताहर, जोडीदार एड बर्न्स आधी खुनांचा तपास करणारा पोलीस आणि मग शाळामास्तर. म्हणून यात हिरो नाही, शहर आहे. पहिला सीझन गल्लीतल्या गर्द विक्रीचा, मग बंदर, मग नगरपालिकेचं राजकारण, शाळा, शेवटी वर्तमानपत्र. गल्लीतला पोरगा असो की पोलीस, आकडे वर दाखवायची सक्ती दोघांनाही. आकड्यांसाठी चाललेली धावपळ ज्यांनी ऑफिसात पाहिलीय त्यांना हे बाल्टिमोर लांबचं वाटणार नाही.

चौकात टाकलेल्या जुन्या सोफ्यावर गर्द विकणाऱ्या टोळीतला डिॲन्जेलो हाताखालच्या दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो, तो प्रसंग नीट बघा. राजा हलतो कमी, पण बाकी सगळे त्याच्यासाठी मरतात. प्यादं पलीकडे पोचलं तर वजीर होतं ना, असं एक पोरगा विचारतो. डिॲन्जेलोचं म्हणणं, प्यादी लवकरच मारली जातात. बोलणं खेळाचं, आणि त्या पोरांचं नशीब सांगून झालेलं असतं. एवढं असूनही या सिरीजला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार एकदाही मिळाला नाही, सोप्रानोज आणि ब्रेकिंग बॅडनं मात्र ढिगानं नेले.

अडचण खरी आहे: पहिले तीन-चार भाग कोण कुणाचा, हेच कळत नाही, बोली कानाला अनोळखी. सबटायटल लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवता जेवता बघायची ही गोष्ट नाही.

घरात इंग्रजीला विरोध असेल तर ‘पाताल लोक’ (2020) लावा. जयदीप अहलावतचा हाथीराम दिल्लीचा दुर्लक्षित इन्स्पेक्टर, बायकोच्या नजरेतही कमीच, आणि तपास चित्रकूटकडे जातो तेव्हा बोलीसुद्धा आपल्या कानाला जवळची होते. ‘दिल्ली क्राइम’ला 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळाला, शेफाली शाह उत्तमच, पण 2012 च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणावरचा पहिला सीझन एका बैठकीत बघवत नाही. माझं मत पाताल लोकला. मात्र शिव्या भरपूर आहेत, तेव्हा आजी झोपल्यावरच.