लातूरच्या डायलिसिस सेंटरचा अनुभव, लसीच्या तिन्ही डोससकट

मामा म्हणजे माझे सासरे. शुगरनं दोन्ही किडन्या गेल्या आणि २०१९ च्या दिवाळीपासून डायलिसिसवर आहेत, सोमवार आणि गुरुवार, औशाकडच्या आमच्या गावातून लातूरला. मिस्टर चाकणला कंपनीत असतात त्यामुळं न्यायचं-आणायचं, फाईल सांभाळायची, दिवसभरात किती पाणी प्यायले त्याचा हिशोब ठेवायचा, सगळं माझ्याकडं. सेंटरचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाला बदनाम करायचं नाही.

हल्ली नात्यात, शेजारपाजारी कुणाचं ना कुणाचं डायलिसिस सुरू होतंच, मग फोन येतो की वहिनी सेंटर कोणतं बघू. सगळे आधी हेच विचारतात मशीन नवी आहे का, एसी आहे का, महात्मा फुले योजनेत बसतं का. बसतं, आमचं योजनेतच होतं. पण मी म्हणते अजून एक गोष्ट विचारा, कोरोनाच्या टायमाला तुम्ही तुमच्या पेशंटच्या लसीचं काय केलं, आणि लस झाल्यावर पुढं काय केलं. मी ह्या सेंटरला ४ स्टार देते ते ह्या एका गोष्टीसाठी.

२०२० मधे टीव्हीवर दिवसभर चालायचं घरात बसा घरात बसा. डायलिसिसवाला घरात कसा बसणार सांगा. ४ तास एका हॉलमधे ८ मशीन, ८ पेशंट, प्रत्येकाबरोबर एक माणूस, आणि एक पाळी चुकवली तरी अंगावर पाणी चढतं, श्वास लागतो. आणि हाच माणूस कोरोनात सगळ्यात कच्चा. युरोपात किडनीच्या पेशंटांची नोंद ठेवतात, त्यात पहिल्या लाटेत ज्या डायलिसिसवाल्यांना कोरोना झाला त्यातले साधारण ५ मागे १ महिन्याभरात गेले. हे मला तवा माहीत नव्हतं ते बरंच झालं.

आधी आम्ही दुसऱ्या एका सेंटरला जायचो. सप्टेंबर २०२० मधे मामांना एक दिवस ताप आला, तिथं गेटवरच सांगितलं की रिपोर्ट आल्याशिवाय मशीनला लावणार नाही. रिपोर्ट यायला ३ दिवस लागले. निगेटिव्ह. तोवर मामांचे पाय सुजून खांबासारखे झालेले, रात्री आडवं झोपता येईना, बाजेवर बसून रात्र काढायचे आणि मी शेजारी बसून तळपायाला हात लावून बघायची की गरम आहेत का. चौथ्या दिवशी एका ओळखीच्यानं ह्या सेंटरला फोन लावून दिला, त्यांनी फक्त विचारलं ऑक्सिजन किती आहे, आणि म्हणाले घेऊन या, कोपऱ्यातलं मशीन वेगळं ठेवलंय. तेव्हापासून आम्ही इथंच.

आता लसीचं. १ मार्च २०२१ ला ६० च्या वरच्यांना आणि ४५ ते ५९ मधे ज्यांना मोठे आजार आहेत त्यांना लस सुरू झाली. मामा ६३ चे, त्यांना आधार कार्डवर मिळणार होती. ४५ ते ५९ वाल्यांना मात्र डॉक्टरचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागायचा, सरकारच्या २० आजारांच्या यादीत डायलिसिस होतंच पण फॉर्म भरून देणार कोण. आमच्या शिफ्टला एक शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या, वय ५१, त्या बिचाऱ्या फॅमिली डॉक्टरकडं दोनदा जाऊन आल्या, सही मिळाली नाही. इथल्या डॉक्टरांनी एका रविवारी बसून सगळ्या शिफ्टचे असे फॉर्म भरले, आणि मोबाईलवर नाव नोंदवायचं काम टेक्निशियन भाऊंनी पेशंट मशीनला असताना खाटेखाटेवर जाऊन केलं. पैसे घेतले नाहीत.

मामा तयार नव्हते बरं का. गावात कुणीतरी भरवलं होतं की किडनीवाल्याला लस सोसत नाही, उरलेली किडनी पण जाती. मामा म्हणाले "कामून उगं मरण लवकर बोलवायलीस पोरी, आहे तेवढं जगू दे की." मी काय बोलणार. टेक्निशियन भाऊंनी त्यांना एकच विचारलं, "मामा, काविळीची लस घेतली का नाही तुम्ही आमच्याकडं? काय झालं? काहीच नाही ना? ही पण तशीच हाय बगा." मामांनी मान हलवली, तेवढंच.

कोणत्या दिवशी घ्यायची हे पण सेंटरनं सांगितलं, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, आता फ्लूची न्यूमोनियाची कुठलीही दंडातली लस घेताना कामाला येतं. डायलिसिस चालू असताना रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात, त्या दिवशी दंडाच्या मांसात सुई टोचली तर रक्त साखळून गाठ येऊ शकते, म्हणून मधल्या दिवशी घ्या म्हणाले. आम्ही मंगळवारी घेतली. आणि फिस्टुलाच्या हातात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जिथं शीर आणि धमनी जोडलेली असते त्या हातात, घ्यायची नाही. मामांचा फिस्टुला डाव्या हाताला आहे, तिथं बोट ठेवलं की आतून मांजर घुरघुरल्यासारखं लागतं, तोच त्यांचा जीव, त्या हातावर बीपीचा पट्टा पण बांधू देत नाहीत. लसीच्या केंद्रावर गर्दीत कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार म्हणून सिस्टरनी सोमवारीच एका चिठ्ठीवर पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं "डायलिसिस पेशंट. डाव्या हाताला सुई नको. टोचल्यावर ५ मिनिटं दाबून धरा" आणि ती चिठ्ठी सेफ्टी पिननं मामांच्या सदऱ्याला लावायला दिली. लस देणाऱ्या बाईंनी चिठ्ठी वाचली, उजवी बाही वर केली, आणि मला म्हणाल्या चिठ्ठी कुणी दिली हो, असं सगळ्यांनी करायला पाहिजे. ती चिठ्ठी अजून फाईलमधे आहे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला डोस झाला, कोविशिल्ड. आणि मग जो घोळ सुरू झाला तो काय सांगू, आधी सांगितलं ४ ते ६ आठवड्यांनी दुसरा, मग २२ मार्चला झालं ६ ते ८ आठवडे, मे महिन्यात आमची तारीख आली तर लसच नाही, पहाटे ५ ला जाऊन नंबर लावला तरी १०० टोकन संपलेले, आणि त्याच महिन्यात १३ तारखेला अंतर झालं १२ ते १६ आठवडे. धडधाकट माणसाला ठीक असेल. पण डायलिसिसवाल्याच्या अंगात एका डोसनं फार काही तयारच होत नाही, ज्याला आधी कोरोना होऊन गेलाय त्याचं वेगळं. मामांना झालेला नव्हता, म्हणजे सगळ्यात वाईट लाट त्यांनी एका डोसवर काढली. एप्रिल-मे मधे आमच्या शिफ्टच्या ८ मधल्या २ खाटा रिकाम्या झाल्या. सोमवारी ज्याच्या डब्यातली अर्धी पोळी मी मामांना दिली होती तो माणूस गुरुवारी नव्हता. जूनच्या शेवटी दुसरा डोस मिळाला, आणि तो पण सेंटरनं स्वतः फोन करून सांगितलं की आज अमुक ठिकाणी साठा आलाय, लगेच निघा.

दोन डोस झाल्यावर आम्हाला वाटलं सुटलो. इथंच हे सेंटर बाकीच्यांपेक्षा वेगळं निघालं. बाहेर लोकांनी मास्क सोडले तरी इथं हॉलमधे मास्क, नातेवाईक बाहेर, खाताना तोंड उघडं राहतं म्हणून दोन शेजारच्या खाटांना एका वेळी डबा उघडायचा नाही. लोक चिडायचे. मी पण एकदा बोलले की दोन्ही डोस झालेत आता कशाला. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. म्हणाले ताई, मामांना काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस आपण कशी देतो? धडधाकट माणसाला २० मायक्रोग्रॅमचे ३ डोस पुरतात, डायलिसिसवाल्याला ४० चे ४ देतो, तरी टायटर, म्हणजे रक्तात लसीच्या अँटीबॉडी किती झाल्या त्याची टेस्ट, करून बघावं लागतं की १० च्या वर आला का, आणि वर आला तरी पुढं खाली उतरतो. रक्तात युरिया आणि बाकीची घाण साचलेली असते त्यानं अंगातले सैनिकच सुस्त पडलेले असतात. कोरोनाच्या लसीचं तसंच. बहुतेकांच्या अंगात अँटीबॉडी तयार होतात पण इतरांपेक्षा कमी, आणि उतरतात लवकर. किडनी बदललेल्यांचं तर अजून अवघड, कारण नवी किडनी टिकायला त्यांच्या गोळ्याच प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या.

आणि एक, त्या काळात लॅबवाले अँटीबॉडीची टेस्ट करा म्हणून मागं लागायचे, आमच्याकडं बऱ्याच जणांनी पैसे घातले. ह्या सेंटरनं एकालाही ती टेस्ट लिहून दिली नाही. आकडा आला तरी आपण मास्क तोच लावणार आणि डोस तेव्हाच घेणार, मग कशाला, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारी २०२२ मधे ओमिक्रॉनच्या लाटेत मामांना झालाच. एसटीचा संप चालू होता, जीपवाल्याला कळलं तर बसवणार नाही म्हणून भावजींनी मोटारसायकलवर मधे बसवून नेलं, मागून मी धरलेलं, थंडीत. सेंटरनं पॉझिटिव्हवाल्यांना रात्रीची वेगळी शिफ्ट काढली होती, ९ ला सुरू होऊन १ ला संपायची, आणि टेक्निशियन भाऊ तो निळा पोशाख घालून ४ तास पाणी न पिता उभे. मामांना ४ दिवस ताप, खोकला, अंगदुखी, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला नाही, ॲडमिट करावं लागलं नाही. २०२० ला ज्या माणसाच्या नुसत्या तापानं आम्ही अर्धमेले झालो होतो तो माणूस कोरोना होऊन १० व्या दिवशी ओट्यावर बसून शेंगा फोडायला होता. मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून मला कुणी लसीनं काय होतं म्हणलं की राग येतो.

पण खोटं लिहिणार नाही. त्याच महिन्यात ४ नंबर खाटेवरचे एक काका गेले. दोन्ही डोस झालेले होते. त्यांचा मुलगा फाईल न्यायला आला तेव्हा मी तिथंच होते, तो डॉक्टरांना म्हणाला, "दोन्ही घेतल्या होत्या ना साहेब, मग कशाला घ्यायला लावल्या?" सगळा हॉल गप्प. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली, स्वतः पण बसले, आणि म्हणाले लसीनं धोका कमी होतो, पुसून जात नाही, तुझ्या वडिलांचं हार्ट पण २५ टक्के चालत होतं, मी तुला पहिल्या दिवशीच हे नीट सांगायला पाहिजे होतं, ते माझं चुकलं. एवढं मोकळं बोलणारा डॉक्टर मी दुसरा बघितला नाही. त्याच्यानंतर त्यांनी प्रत्येक घरच्या माणसाला वेगळं बसवून सांगितलं की पेशंटच्या लसीवर विसंबू नका, घरातल्या सगळ्यांची लस पूर्ण करा, कारण तुमची लस त्यांना जास्त उपयोगाची. आमच्या सासूबाई तोवर घेत नव्हत्या, त्या आठवड्यात घेतली.

तिसरा डोस, तो प्रिकॉशन म्हणायचे तो, मामांना एप्रिल २०२२ मधे मिळाला, कोरोना होऊन ३ महिने थांबायला सांगितलेलं म्हणून. पण शिवणकामवाल्या ताई ५१ च्या, त्यांना १० जानेवारीला सुरू झालेल्या डोसमधे बसवलंच नाही, तो फक्त ६० च्या वरच्या आजारी लोकांना आणि दवाखान्यात, फ्रंटलाईनला काम करणाऱ्यांना. एप्रिलमधे उघडला तर प्रायवेटला पैसे देऊन, आणि फुकट मिळाला १५ जुलैनंतर. फ्रान्समधे डायलिसिसवाल्यांना तिसरा डोस २०२१ मधेच द्यायला घेतला होता. वय बघून नाही, आजार बघून द्यायला पाहिजे होता, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजपण वाटतं. ज्या बाईच्या पहिल्या फॉर्मसाठी डॉक्टर रविवारी बसले तिच्यासाठी पुढं त्यांच्याही हातात काही राहिलं नाही.

आता तक्रारी, ज्यासाठी १ स्टार कापला. सेंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट महिन्यातून ८-१० दिवस बंद. डायलिसिस झाल्यावर बीपी उतरलेलं असतं, पाय लटपटतात, अशा माणसाला २२ पायऱ्या उतरवायच्या म्हणजे काय असतं ते ज्यानं उतरवलंय त्यालाच माहीत. दुसऱ्या शिफ्टची वेळ १२ सांगतात आणि लावतात १ ला, मग आमची गावाकडची शेवटची गाडी चुकते. बाहेर नातेवाईकांना बसायला ६ खुर्च्या, त्यातल्या २ मोडक्या. एसी एवढा थंड ठेवतात की मामांना स्वेटर, कानटोपी घालून झोपावं लागतं, कमी करा म्हणलं की मशीनसाठी लागतो म्हणतात, असेल, पण मग चादरी तरी द्या.

पाण्याचं बरेच जण विचारतात, लातूर म्हणल्यावर विचारणारच, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे. एका डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, आणि आरओत वाया जातं ते वेगळं. इथं टाकी मोठी आहे, टँकर ठरलेला आहे, पाण्यावाचून पाळी रद्द झाली असं आमच्या बाबतीत एकदाही झालं नाही. उन्हाळ्यात आधीच्या ठिकाणी दोनदा झालं होतं.

आता तिथं नवीन पेशंट आला की पहिल्याच दिवशी फाईलच्या आतल्या पानावर लसींचा तक्ता चिकटवतात, काविळीची, फ्लूची, न्यूमोनियाची, कोरोनाची, तारीख, कोणता हात, टायटर किती. मामांचा काविळीचा टायटर मागच्या वेळी १० च्या खाली आला, म्हणून परत ४० चा डोस दिलाय, उजव्या दंडात, मंगळवारी. पुढच्या महिन्यात रक्त घेणार आहेत.