रस्टमधली नॉम लायब्ररी, नऊ महिने वापरल्यावर

लातूरच्या एका डाळ मिलमधले एनर्जी मीटर वाचायचं काम माझ्याकडं आहे. चौदा मीटर, सगळे एकाच आरएस-४८५ वायरीवर (कारखान्यात डाटा नेणारी वायर), बोलायची पद्धत मॉडबस आरटीयू, आणि टोकाला एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटा कॉम्प्युटर. आधी सगळं सी भाषेमध्ये होतं, आलेल्या बाइट्सवर स्ट्रक्ट (ठरलेल्या फील्डचा साचा) बसवायचा आणि वाचायचं. मग ऐन तुरीच्या सीझनमध्ये मोठी मोटर सुरू होताना वायरीवर नॉइज आला, पुढं किती बाइट आहेत हे सांगणाऱ्या लांबीच्या बाइटमध्ये ४ च्या जागी भलताच आकडा आला, आणि मेमकॉपीनं (बाइट कॉपी करणारं फंक्शन) ६४ बाइटच्या ॲरेबाहेर, म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर, लिहून टाकलं. प्रोग्राम बंद, रात्रभराचा डाटा गेला. त्याच आठवड्यात रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिच्यातली नॉम ही बाइट्स फोडून वाचायची लायब्ररी घेऊन नव्यानं लिहायला बसलो, त्याला आता नऊ महिने झाले.

नॉममध्ये छोटे छोटे पार्सर (बाइट्समधून एकेक फील्ड काढणारी फंक्शनं) लिहायचे आणि ते जोडत मोठा करायचा. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की कोड वाचला की फ्रेमच, म्हणजे मीटरचा एक पूर्ण निरोपच, दिसते. मॉडबसमध्ये रजिस्टर (मीटरमधला दोन बाइटचा आकडा) बिग एन्डियन असतात, म्हणजे मोठा बाइट आधी, पण शेवटी येणारा सीआरसी, म्हणजे फ्रेम बिघडली का हे तपासायचा आकडा, मात्र लहान बाइट आधी. सी मध्ये हे कुठल्या तरी शिफ्टमध्ये लपून बसायचं, इथं एका ओळीत बीई (मोठा आधी) आणि दुसऱ्या ओळीत एलई (लहान आधी) असं सरळ लिहिलेलं असतं.

पण लई त्रास झाला तो स्ट्रीमिंग आणि कम्प्लीट या दोन प्रकारांनी. सिरीयल पोर्टवरून ९ बाइटची फ्रेम एकदम येत नाही, कधी ५ येतात मग ४. कम्प्लीटवाले पार्सर बाइट कमी पडले की सरळ एरर देतात, स्ट्रीमिंगवाले इनकम्प्लीट म्हणतात, म्हणजे थांब, अजून येऊ दे. मी सुरवातीला कम्प्लीट वापरले आणि चांगल्या फ्रेमा फेकत बसलो. मग स्ट्रीमिंगवर गेलो तर उलटंच, नॉइजनं लांबी २५० आली की पार्सर कधीच न येणाऱ्या बाइट्सची वाट बघत बसतो! प्रोग्राम पडत नाही हे खरं, पण मीटर गप्प. लांबी खरी आहे का हे नॉम तुमच्यासाठी ठरवत नाही. आपण २ रजिस्टर मागितले तर उत्तरात ४ च यायला पाहिजे, हे आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून लांबीवर व्हेरिफाय (अट तपासणारा पार्सर) लावला, वर टाइमआउट ठेवला, आणि सीआरसी चुकला की एक बाइट सोडून परत बघायचं. तेव्हापासून लाइन शांत आहे.

एक किस्सा. नवीन मीटर लावला आणि ऑपरेटर काकांचा फोन, "अरे बाळा, व्होल्टेज उणे शून्य दाखवायलंय की, आणि मोटर तर चालू हाय." फ्रेम काढून बघितली: ०१ ०३ ०४ (मीटरचा पत्ता, वाचायची आज्ञा, लांबी), मग ८० ०० ४३ ६६. या कंपनीनं फ्लोटचे (दशांशाच्या आकड्याचे) दोन रजिस्टर उलट्या क्रमानं पाठवले होते. ४३ ६६ ८० ०० असं लावलं की २३०.५ व्होल्ट, आणि आलंय तसंच वाचलं की इतका बारीक ऋण आकडा की स्क्रीनवर -०.०. सीआरसी बरोबर, लांबी बरोबर, पार्सर खुश, आकडा तेवढा चुकीचा. क्रम बदलायला एकच छोटा पार्सर लिहावा लागला, बाकी कोडला हात लावला नाही, आणि याच्यासाठी मी नॉमला पूर्ण मार्क देतो.

आता तक्रारी. एरर मेसेज वाचून काही कळत नाही, उरलेले बाइट आणि 'व्हेरिफाय' एवढंच छापतो, कोणत्या फील्डवर अडकलं ते कळायला प्रत्येक पार्सरला कॉन्टेक्स्ट, म्हणजे नावाची चिठ्ठी, लावत बसा. टाइप चुकला की कंपायलर पानभर ओरडतो. फ्रेम बफरमधूनच (आलेले बाइट साठवायच्या जागेतूनच) उसनी घेतलेली असते, कॉपी होत नाही, म्हणून फास्ट आहे, पण ती हातात असेपर्यंत बफर पुढं सरकवता येत नाही, यात माझे दोन दिवस गेले. ७ वरून ८ व्हर्जनला जाताना बऱ्याच ठिकाणी डॉट पार्स लावावं लागलं आणि टपल फंक्शन काढावं लागलं, अर्धा दिवस धरा.

फॉरमॅट एकदम ठरलेला असेल, सगळे फील्ड फिक्स, तर नॉमची गरज नाही, साधे स्लाइस, म्हणजे बाइट्सचे तुकडे, पुरतात. लांबी बदलते, तुकड्यात येतं, वायर खराब आहे, तिथं मात्र घ्याच. आणि फील्डवरून आलेली प्रत्येक बिघडलेली फ्रेम फाइलमध्ये जपून ठेवा, माझ्या टेस्टमध्ये आज अशा ४१ आहेत, ते उणे शून्यवालं व्होल्टेज त्यात पहिलं.