लोकसंख्येची पुस्तिका : तक्ते चोख, ‘बेबी बूम’पाशी घोळ

रत्नागिरीतील एका स्पर्धा परीक्षा वर्गाने काढलेली लोकसंख्या भूगोलाची पुस्तिका मुलीसाठी घेतली आणि तिच्या हाती देण्याआधी वाचून काढली. छपाई स्वच्छ आहे, जनगणनेचे तक्ते चोख आहेत. जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे जिवंत जन्म आणि एकूण प्रजनन दर म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात होणारी सरासरी अपत्ये, हा परीक्षार्थींना हमखास चकवणारा फरकही तीत फार नेमका मांडला आहे.

घोळ होतो तो ‘बेबी बूम’ या संज्ञेपाशी. पुस्तिका ती सरसकट ‘लोकसंख्येचा विस्फोट’ या अर्थाने वापरते आणि १९६१ ते १९७१ या दशकात भारताची लोकसंख्या २४.८ टक्क्यांनी वाढली, हे तिचे उदाहरण म्हणून देते. वस्तुतः ही वाढ मुख्यतः मृत्युदर घसरल्यामुळे झाली. जन्मदर मुळातच चढा होता, तो तेव्हा एकाएकी उसळलेला नव्हता. बेबी बूम म्हणायचे तर उतरणीला लागलेला जन्मदर काही काळ ठळकपणे वर जावा लागतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात खाली आलेला जन्मदर दुसऱ्या महायुद्धानंतर असा चढला की १९४६ ते १९६४ या साऱ्या काळालाच ते नाव पडले आणि एकट्या १९५७ साली तेथे सुमारे ४३ लाख बालके जन्मली. जपानमधील लाट मात्र १९४७ ते १९४९ एवढ्यातच ओसरली. पुस्तिकेत जपानचा उल्लेखही नाही.

कोकणाचे पान त्याहून खटकते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, ही माहिती बरोबर आहे. पण कारण म्हणून ‘जन्मदरातील घट’ एवढेच लिहून लेखक मोकळे झाले आहेत. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा येथे विसरच पडला, आणि तोही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असल्याचा आकडा त्याच पानावर छापलेला असताना! (गणपतीत गाव भरलेला दिसतो खरा, पण २०११ची शिरगणती फेब्रुवारीत झाली.)

तक्त्यांसाठी पुस्तिका जरूर घ्यावी, संज्ञांचे प्रकरण मात्र शिक्षकांकडून तपासून घ्यावे. पुढील आवृत्तीत महाराष्ट्राचा २०१९-२१चा १.७ हा एकूण प्रजनन दरही जोडावा, कारण सध्याच्या पुस्तिकेतील आकडे २०११पाशीच थांबतात.