पशुऔषधांचे दुकान, सेमिनरी हिल्स, नागपूर : घटक वाचून औषध देणारे दुकानदार

काटोल मार्गावरील आमच्या गोठ्यासाठी मी चार वर्षांपासून पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वाटेवरील या दुकानातून औषधे घेतो. दुकान लहान आहे आणि सकाळी गर्दी असते, तरी मी दुसरीकडे जात नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाईला कासदाह झाला, अंग तापले आणि तिने वैरण सोडली. घराजवळच्या एका दुकानात चिठ्ठी न मागताच मला किटोप्रोफेन हे ताप-वेदनेवरचे औषध देऊ केले होते. येथे मात्र दुकानदार काकांनी ते नाव ऐकताच नकारार्थी मान हलवली, डॉक्टरांशी फोनवर बोलून त्याऐवजी मेलॉक्सिकॅम काढले आणि खोक्यावरील घटकाच्या ओळीवर बोट ठेवून ती मला मोठ्याने वाचायला लावली. गाय तिसऱ्या दिवशी वैरणीला लागली.

हा आग्रह गिधाडांसाठी आहे, हे मला तेव्हा समजले. डायक्लोफेनॅक हे अशाच प्रकारचे वेदनाशामक टोचलेले जनावर दगावले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. एका मढ्यावर सगळा थवा उतरत असल्याने एकच गाय कित्येक पक्ष्यांचा जीव घेऊ शकते. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या ढोरांना टोचल्या जात, म्हणून 2015 मध्ये ती कुपी 3 मिलीपुरती मर्यादित झाली. गिधाडांना तशीच घातक असलेली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधे जनावरांसाठी वापरण्यावरील बंदी 2023 ची.

हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून जानेवारी 2024 मध्ये 20 गिधाडे विदर्भात आली; लांब चोचीची 10 पेंचला आणि पांढऱ्या पाठीची 10 ताडोब्याला. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षे जातात. इतक्या जपणुकीने वाढवलेला पक्षी मोकळा सोडल्यावर जंगलाची हद्द ओलांडून आमच्याच शिवारांवर घिरट्या घालणार, आणि तेथे टाकलेल्या मढ्यात काय टोचले होते हे पेंचच्या वनरक्षकाला नव्हे, तर औषध विकणाऱ्याला आणि मला ठाऊक असते.

उणीव एवढीच, की टोल्फेनॅमिक आम्ल हा मेलॉक्सिकॅमसारखाच गिधाडांना सुरक्षित असलेला दुसरा पर्याय दोनदा मागूनही मिळाला नाही आणि रविवारी दुकान बंद असते. बिलावर ब्रँडच्या नावाखाली घटकाचे नाव मात्र काका न विसरता हाताने लिहून देतात.