युनिटी 6: फुकट लायसन्सवर बरेच महिने काढल्यानंतर

ग्राफिक्सबद्दल नंतर लिहितो. आधी महत्त्वाचं: युनिटी या गेम बनवायच्या इंजिनच्या पर्सनल, म्हणजे फुकट, लायसन्सवरही आता गेम उघडताना ‘मेड विथ युनिटी’ची पाटी झळकत नाही. प्लेअर सेटिंग्जमध्ये एक टिक काढायची, झालं. कायम प्रो, म्हणजे पैसे भरून घ्यायचं लायसन्स, वापरणाऱ्यांना वाटेल, त्यात काय एवढं. पण आमच्यासारख्या फुकट्यांना ती पाटी हटवायची तर पैसे मोजावे लागायचे, आणि पहिल्याच सेकंदाला खेळणाऱ्याला आमची ऐपत कळायची. आता तिथे माझं स्वतःचं चिन्ह येतं. बिल्ड झाल्यावर काही कारण नसताना मी गेम पुन्हा उघडून बघतो.

ही सवलत कुणी उदार होऊन दिलेली नाही, भांडून मिळाली आहे. 12 सप्टेंबर 2023 ला रनटाइम फी जाहीर झाली. वर्षाची कमाई 2 लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल 2 लाख, या दोन्ही मर्यादा ओलांडल्या की पर्सनलवाल्याला पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे 20 सेंट. विक्रीमागे नव्हे, इन्स्टॉलमागे! मग चोरीच्या कॉपीचं काय? धर्मादाय बंडलमधून वाटलेल्या गेमचं काय? पुन्हा इन्स्टॉल केलं तर तेही मोजणार असं आधी सांगितलं, मग घाईघाईने फिरवलं. 22 सप्टेंबरला माघार आली: पर्सनलला फी माफ, पर्सनलची कमाईमर्यादा 1 लाखावरून 2 लाख डॉलर, जुन्या आवृत्त्यांवरच्या गेमना फी नाही आणि पाटी ऐच्छिक. ऑक्टोबरात युनिटीचे सीईओ जॉन रिचिटिएलोही पायउतार झाले.

खरं तर मला ती फी कधीच लागली नसती, माझी कमाई त्या आकड्याच्या आसपासही नाही. तरी डोकं फिरलं, कारण आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ती 1 जानेवारी 2024 पासून लागू होणार होती. काम संपल्यावर मजुरीचे नियम बदलायचे, ही कुठली रीत? ‘टेरारिया’ हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने तर युनिटी जवळपास वापरत नसतानाही गोडो आणि एफएनए या गेम बनवायच्या मुक्त साधनांना प्रत्येकी 1 लाख डॉलर दिले. मेगा क्रिटने आपल्या ‘स्ले द स्पायर’ या गेमचा दुसरा भाग गोडोवर नेला.

गोडो 4 मीही लावून पाहिलं. एमआयटी हे मुक्त लायसन्स, म्हणजे फीची कटकटच नाही, मोह झालाच. पण माझं सगळं सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत, डेमो ब्राउझरवर लागतो, आणि सी-शार्पमधला गेम ब्राउझरसाठी काढायची सोय तिथे नव्हती. राहिलो इथेच.

सप्टेंबर 2024 मध्ये फी पूर्ण रद्द झाली तेव्हा पाच तारे द्यायच्या बेतात होतो. मग त्याच घोषणेत पुढे वाचलं: प्रो 8 टक्क्यांनी महाग, सीटमागे (वापरणाऱ्या एका माणसामागे) वर्षाला 2,200 डॉलर, मोठ्या कंपन्यांचं एंटरप्राइझ लायसन्स 25 टक्क्यांनी. यावर मात्र राग आला नाही. किती माणसं, किती सीट, हिशेब आधी मांडता येतो. परवडलं तर घ्या, नाही तर राहू द्या. इन्स्टॉल कोण किती करेल हे आपल्या हातात कुठे असतं?

इंजिन म्हणून? बिल्ड प्रोफाइल्स (प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी बिल्डच्या वेगळ्या सेटिंग्ज साठवायची सोय) उत्तम, चित्र काढायचं बरंच काम ग्राफिक्स कार्डावर टाकणाऱ्या जीपीयू रेसिडेंट ड्रॉवरने गर्दीचे सीन हलके होतात. बाकी ठीक.

आता खरी चिडचिड. यूआरपी या युनिटीच्या चित्र रेखाटणाऱ्या यंत्रणेत रेंडर ग्राफ ही नवी पद्धत आल्याने जुने कस्टम रेंडर पास (चित्रावर खास परिणाम करणारा स्वतःचा कोड) नव्याने लिहावे लागतात. वस्तूंभोवती कडा काढणारं, मी विकत घेतलेलं आउटलाइनचं प्लगइन त्यात मोडलं. विक्रेत्याला विचारलं, तर उत्तर आलं की युनिटी 6 ची आवृत्ती वेगळी, ती पुन्हा विकत घ्या. पावती पाठवली, विनंती केली, शेवटी वादही घातला. उत्तरं येणंच बंद झालं. सध्या जुनी पद्धत चालू ठेवणारा कंपॅटिबिलिटी मोड लावून भागवतोय, आणि म्हणून चारच तारे. तो मोड नसलेल्या आवृत्तीवर जावं लागलं तर शेडर (त्या कडा काढणारा कोड) स्वतः लिहीन, पण त्या माणसाला आणखी एक पैसा देणार नाही.